माझं माकड, तुझं शेवाळ

मास्तरीण, तुझा पिंड माकडानं खाल्ला.

हे दुसऱ्या कुणी तुला सांगण्याआधी मीच सांगतो. दुसरे गोड करून सांगतील. चांदोदला, नर्मदेच्या काठी, दहाव्याचा विधी. ऊन असं की घाटाच्या पायऱ्यांवर पाय ठरेना. आपल्या सुहासनं पिंड ठेवला, आम्ही सगळे मागं सरकलो आणि कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या पिंपळावर बसले होते, माना वाकड्या करून बघत होते, पण एकही खाली उतरेना. गुरुजी म्हणाले, "बाईंच्या मनात काहीतरी राहिलंय. जवळच्या माणसांनी बोला." मग एकेक जण पुढं व्हायला लागला. तुझी बहीण कुमुद म्हणाली, "ताई, तुझी तुळस मी नेते, रोज पाणी घालीन." कावळा हलला नाही. मी मनात म्हटलं, तुळशीत हिचा जीव कधी होता?

मग सुहास पुढं झाला. पोराचे डोळे सुजले होते. हात जोडून म्हणाला, "आई, मागची चोकडी मी कोरडी करून देतो. ते शेवाळ खरवडून काढतो, भिंतीला टाइल्स लावतो, गळका सांधा बंद करतो. बाबांचा पाय तिथं घसरणार नाही. शब्द देतो तुला."

मी "थांब" म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात धर्मशाळेच्या पत्र्यावरून धाडकन एक वानर खाली आलं. काळ्या तोंडाचं, ही लांब शेपटी. कुणाकडं बघितलं नाही, पिंड उचलला, भिंतीवर जाऊन बसलं आणि निवांत खाल्ला. हात चाटले. बाजूला दुसऱ्या घरचा विधी चालला होता, त्यातले एक गुजराती आजोबा हात जोडून म्हणाले, "हनुमानजी पोते आव्या, भाई! हवे बीजुं शुं जोईए?" हनुमान स्वतः आले, आता आणखी काय हवं. गुरुजींनीही मान डोलावली. "चालेल. शब्द पोहोचला."

मला हसू फुटलं. दहाव्याला नवऱ्यानं हसायचं नसतं म्हणून उपरण्यात तोंड घातलं. कुमुदला वाटलं मी रडतोय, तिनं पाठीवरून हात फिरवला. तिच्या हातानं मग खरंच रडू आलं. तुझाच हात तो, थोडा जाड.

जन्मभर तू शेवाळाची बाजू घेतलीस आणि मी माकडाची. शेवटी तुझ्या पिंडाला आलं कोण? माझंच.

तुझ्या जुन्या विद्यार्थिनी घरी येऊन गेल्या. त्यांना तुझ्यावर स्मरणिका काढायची आहे. एक म्हणाली, "काका, बाईंचा जन्म, शिक्षण, शाळा, हे सगळं आम्ही लिहितो. तुम्ही तुमच्या मनातलं लिहा." बरं झालं. ते जन्म-शिक्षण मला लिहिता आलं नसतं. खानदेशातून सातवी होऊन मी बडोद्याला रेल्वेच्या शेडमध्ये लागलो, तू तिथल्या घडियाळी पोळ या गल्लीतली, कारकुनाची मुलगी. लग्नानंतर कॉलेज केलंस, शाळेत विज्ञान शिकवायला लागलीस, आणि मी तुला मास्तरीण म्हणायला लागलो. एवढंच माझ्याकडं आहे. मनातलं म्हणाल तर मनात भांडण आहे. तेच लिहितो. तू असतीस तर लाल पेनानं निम्मं खोडलं असतंस. आता खोडायला कुणी नाही, त्यामुळं लांबेल.

वाचणाऱ्यांना चोकडीची गोष्ट ठाऊक नाही, ती सांगावी लागेल. तुला माहीत आहे, तू तोवर चहा घे.

निजामपुऱ्यातल्या आपल्या टेनामेंटच्या, म्हणजे बैठ्या घराच्या, मागं स्वयंपाकघराला लागून भांडी-कपडे धुवायची जागा आहे. बडोद्यात तिला सगळे चोकडीच म्हणतात. तिच्यावर गच्चीतल्या टाकीचा पाइप उतरतो. एका वर्षी वानरांची टोळी आली, त्यातलं एक दांडगं वानर त्या पाइपला लोंबकळलं आणि सांधा हलला. थेंब थेंब पाणी भिंतीवरून उतरायला लागलं. मी फिटर माणूस. इंजिनाच्या नळ्यांची गळती बंद करण्यात जन्म गेला. पाना घेऊन स्टुलावर चढणार, तर पाऊसकाळ आला, मग माझी कंबर धरली, मग दिवाळी आली. पाना घेऊन जाईपर्यंत भिंतीवर हातभर हिरवं मखमल उगवलं होतं, आणि त्याच्यासमोर तू उकिडवी बसली होतीस. डोळ्याला ते काळ्या दोऱ्यातलं भिंग.

"अहो, हात लावू नका."

"कशाला? गळतंय ते."

"गळू द्या."

"मास्तरीण, फिटरच्या घरात गळती! लोक तोंडात शेण घालतील."

"घालू द्या. खाली बादली ठेवा. भांड्यांना तेच पाणी वापरू. आणि सांधा आहे तसाच राहू द्या. एक थेंब, मग जरा थांबून दुसरा. एवढंच लागतं त्याला."

झालं. तेव्हापासून आख्ख्या सोसायटीत एकच घर गळकं, ते फिटरचं. शेजारच्या कोकिळाबेन मला बघितलं की विचारायच्या, "काका, रेलवेमां पण आवुंज काम करता'ता?" मी म्हणायचो, "ना बेन, त्यां मारो साहेब बीजो हतो." तिथं साहेब दुसरा होता, म्हणजे इथली साहेब तू. ते ऐकून तू आतून हसायचीस. मला ऐकू यायचं.

खालची लादी मात्र मी रोज खराट्यानं घासायचो. घसरायचं ते लादीवरच्या बुळबुळीवर, भिंतीवरच्या मखमलीवर नाही. तू शंभरदा सांगितलंस की हे तळ्यातलं शेवाळ नव्हे, पुस्तकात याचं नाव वेगळं आहे. असेल. मी शेवाळच म्हणणार. पण दोन हिरव्यांतला फरक मला खराट्यानं शिकवला होता, तेवढं कबूल करून टाक.

आता माकडाचं. मी निवृत्त झाल्यावर आपण दक्षिणेच्या ट्रिपला गेलो होतो. पुष्कळ देवळं झाली, मग बस एका डोंगरावर चढली. दोन्हीकडं चहाचे मळे आणि मध्ये मध्ये जंगलाचे तुकडे, जणू कुणी चादरीतून कापून घेतलेले. वळणावर ड्रायव्हरनं बस थांबवली. झाडावर ते होतं. काळंभोर अंग, तोंडाभोवती पांढरी आयाळ, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. आईच्या पोटाला पोर चिकटलेलं. ड्रायव्हर म्हणाला, या डोंगररांगेत सोडून हे जगात कुठंच नाही, आणि इथंही थोडंच उरलंय. सगळी बस खाली उतरली. कुणी मोबाइल काढले, कुणी हात जोडले. मी तर टोपी काढली. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. त्या पोरानं वळून बघितलं ते माणसाच्या पोरासारखं.

मागं वळून तुला हाक मारली, तर तू सगळ्यांकडं पाठ करून उभी. दुसऱ्याच एका झाडाच्या खोडाला नाक लावलेलं.

"अगं, माकड इकडं आहे!"

"त्याला बघायला बसभर माणसं आहेत. याला कोण बघणार?"

त्या खोडावर दाढीसारखं हिरवं लोंबत होतं. तू म्हणालीस, तुमच्या कॉलेजात सांगितलं होतं, अशी काही शेवाळं आहेत की ती एखाद्याच डोंगरावर, एखाद्याच ओल्या खोबणीत असतात. शेजारचं झाड तोडलं, ऊन आत आलं की संपली. ज्या झाडावर असतात ते झाड उभं राहतं, त्यामुळं काही मेलं हे कुणाला कळतसुद्धा नाही.

पुढं रस्त्यावर आडवा पूल दिसला. आगीच्या बंबाचे जुने कॅनव्हासचे पाइप झाडापासून झाडाला बांधलेले, माकडांना रस्ता न उतरता पलीकडं जाता यावं म्हणून. मला ते फार आवडलं. काम बघितलं मी, गाठी नीट होत्या. म्हटलं, "बघ मास्तरीण, याला म्हणतात माणुसकी."

तू म्हणालीस, "बांधा माझ्या शेवाळाला पूल."

तिथून जे भांडण सुरू झालं ते हॉटेलात, आगगाडीत, बडोद्याच्या स्टेशनावर रिक्षात बसेपर्यंत चाललं. मी म्हणालो, माकडाला तोंड आहे, आई आहे, पोर आहे. मरताना ते ओरडतं. तुझ्या शेवाळाला काय आहे? तू म्हणालीस, हेच तर. जे ओरडतं त्याच्यासाठी पूल होतात. मी म्हणालो, माकड गेलं तर जंगल मुकं होईल. तू म्हणालीस, शेवाळ गेलं तर जंगल कोरडं होईल, पावसाचं पाणी ते धरून ठेवतं स्पंजासारखं, आणि मग तुमचं माकड पिणार काय? मी म्हणालो, माकड निदान पळून जाऊ शकतं म्हणून ते हुशार. तू म्हणालीस, पळून जाणार कुठं, मळ्यात? यावर मी समोशांचा विषय काढला. आपला आवाज ऐकून रिक्षावाल्या पोराला वाटलं घरात कुणी वारलंय, तो गुजरातीत विचारत होता, "काका, कोई गुजरी गयुं छे?" तू त्याला म्हणालीस, "हजी नथी गयुं, भाई. पण जशे."

घरी आलो तर तुझी भिंत तपकिरी झालेली. जाताना टाकीची चावी बंद करून गेलो होतो. पार वाळून भिंतीला चिकटलेलं, बोट लावलं की भुगा. मी म्हटलं, "चला, मेलं. आता सांधा आवळतो." तू तांब्याभर पाणी हळूहळू भिंतीवर सोडलंस, मला म्हणालीस, "बसा इथं," आणि चहा आणलास. त्या काडीकाडीनं अंग उघडलं. कप अर्धा व्हायच्या आत भिंत हिरवी. मी कपाकडं बघत राहिलो. तुझ्याकडं बघितलं असतं तर तू जिंकली असतीस.

तरी एक डाव माझ्या हातात होता आणि तो मी टाकला. म्हटलं, "पाइपला कोण लोंबकळलं होतं? माकड. सांधा कुणी सैल केला? माकडानं. म्हणजे तुझं शेवाळ माझ्या माकडाच्या पुण्याईवर जगतंय." तू उठून आत गेलीस आणि भाजीत मीठ जास्त घातलंस. तो माझ्या जन्मातला मोठा विजय.

भिंग मात्र मी डोळ्याला लावलं नाही. तू किती वेळा पुढं केलंस. "अहो, एकदा बघा तरी." मी म्हणायचो, "मला चष्मा आहे." मुद्दाम नाही बघितलं. बघितलं असतं आणि काही दिसलं असतं तर माझी बाजू कोण लढवणार?

आता त्या सकाळचं. सुहासला तू गेलीस ते वेगळंच दिसलं, आणि सगळा घोळ तिथून.

मी दूध घेऊन आलो तर तू चोकडीत होतीस. भिंतीला टेकून बसलेली, पाय समोर पसरलेले, मान जराशी कलती. मी हाक मारली. मग हात धरला. पुढचं तुला काय सांगू. कोकिळाबेन आल्या, त्यांचा मुलगा गाडी काढून आला, दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं की हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. सुहास दुपारी पुण्याहून पोचला, त्यानं तुझ्या साडीला हिरवं लागलेलं बघितलं आणि त्याच्या डोक्यात बसलं की आई शेवाळावर घसरली. सगळ्या नातेवाइकांच्या डोक्यात तेच बसलं. हिरवं दिसलं की माणसं पुढचं बघत नाहीत.

मी बघितलं होतं. हिरवं तुझ्या पाठीला होतं, खांद्यापासून कमरेपर्यंत. पायाच्या तळव्याला नव्हतं, गुडघ्याला नव्हतं. बादली भरलेली, हललेली नव्हती. आणि तुझा चहाचा कप धुऊन ओट्यावर पालथा घातलेला होता. घसरणारं माणूस कप पालथा घालून घसरत नाही. तुला बरं वाटेना, तू कप ठेवलास आणि टेकायला जागा बघितलीस. जी जवळची होती तिला टेकलीस. मी घरात नव्हतो. भिंत होती.

हे मी सुहासला तेव्हा सांगितलं नाही. पोराला रागवायला काहीतरी हवं होतं. भिंतीवर रागवू दे म्हटलं.

पण चांदोदहून आल्या आल्या संध्याकाळीच त्यानं प्लंबर आणला आणि सांधा आवळून घेतला. मी आत पडलो होतो, ठोकल्याचा आवाज ऐकला, उठलो नाही. वैशाखाचं ऊन. तेराव्यापर्यंत तुझी भिंत तपकिरी झाली. ओटल्यावर टाइल्सची खोकी येऊन पडली. पांढऱ्या, त्यावर निळी फुलं. तुला मळमळलं असतं बघून. आणि चौदाव्याच्या सकाळी रमणभाई कडिया, इथले गवंडी, छिन्नी-हातोडी घेऊन हजर.

मी आधीच उठलो होतो. प्लास्टिकची खुर्ची घेतली, चोकडीत नेली, भिंतीला पाठ लावून बसलो.

रमणभाई म्हणाला, "काका, खुरशी लई लो ने, धूळ ऊडशे."

म्हटलं, "उडू दे."

त्यानं सुहासला हाक मारली. सुहास आला, मला बघितलं, डोक्याला हात लावला.

"बाबा, काय चाललंय?"

"बसलोय."

"मी आईला शब्द दिलाय. सगळ्यांसमोर दिलाय."

"दिलास. कावळा शिवला का?"

"माकडानं घेतला ना पिंड. गुरुजी म्हणाले, चालतं."

"गुरुजींना चालत असेल. गुरुजींनी काय तुझ्या आईबरोबर संसार केलाय? माकड माझ्या पार्टीचं आहे, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. आईचा निरोप माकडाहाती कसा येईल? कावळ्यानं शिवलं असतं तर मी स्वतः रमणभाईला चहा करून दिला असता. तू चोकडीचं नाव काढलंस आणि सगळे कावळे पिंपळावर घट्ट बसून राहिले, ते नाही का दिसलं तुला?"

रमणभाई खाली बसला आणि विडी काढली. त्याला मजा यायला लागली होती.

सुहास हसणार होता. तोंडापर्यंत आलं होतं. पण मधेच त्याचा चेहरा मोडला, बारा वर्षांच्या पोरासारखा. म्हणाला, "बाबा, यानं आई मारली माझी. आणि तुम्ही याच्यापुढं खुर्ची टाकून बसलात."

मग मी त्याला पाठीचं सांगितलं. तळव्याचं सांगितलं, बादलीचं, कपाचं. हळू सांगितलं, मला जमेल तितकं. तो ओट्याकडं बघत राहिला, जिथं कप होता. मग म्हणाला, "पालथा होता?"

"पालथा. धुतलेला."

"ती नेहमी पालथाच घालायची."

"तर काय."

त्यानं नाक पुसलं आणि भिंतीकडं वळला. "पण बाबा, आता हे मेलंच आहे. वाळून कोळ झालंय. कशासाठी ठेवायचं?"

मी खिशातून तुझं भिंग काढलं. होय. मीच काढलं. सकाळी तुझ्या उशाच्या डब्यातून घेतलं होतं. भिंतीजवळ धरलं आणि लांबून डोळे बारीक करून बघायला लागलो. नुसतं धुकं दिसत होतं.

सुहास म्हणाला, "असं नाही. भिंग डोळ्याला लावायचं आणि डोकं भिंतीजवळ न्यायचं. आईनं शिकवलं नाही तुम्हाला?"

"शिकायला मी गेलो कुठं?"

"मला चौथीत असताना शिकवलं होतं. कमाटीबागेत, पुलाखाली." असं म्हणून त्यानं भिंग घेतलं, डोळ्याला लावलं आणि कपाळ भिंतीला टेकवलं, अगदी तू टेकवायचीस तसं. मग त्यानं माझ्या डोळ्याला लावलं, मानेला धरून माझं डोकं पुढं नेलं, आणि मी बघितलं.

मास्तरीण, टोप्या आहेत त्यांना. बारीक काडीवर बारीक डोकं आणि डोक्यावर टोकदार टोपी. कितीतरी जण, दाटीवाटीनं, शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे. वाळलेले सगळे, पण उभे. तोंड नाही, तोंड नाही म्हणत होतो मी. आता तोंड आहे असं म्हणत नाही. टोप्या आहेत एवढं म्हणतो. तेवढं घे आणि गप बस.

आणि आता जे कधी बोललो नाही ते सांगतो. त्या डोंगरावर, बस निघताना मी खिडकीतून वर बघितलं होतं. ते माकड ज्या फांदीवर बसलं होतं त्या फांदीलाच तुझी ती हिरवी दाढी लोंबत होती. पोरगं एका हातानं ती उपटून बघत होतं. फांदी एकच होती, झाड एकच होतं, आणि झाड तोडलं तर दोघांचं एकदमच जाणार होतं. हे मला बडोदा येण्याच्या कितीतरी आधी कळलं होतं. तुला बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, "हेच तर मी म्हणतेय," आणि भांडण संपलं असतं. मग मी तुझ्याशी बोलणार काय? तू शिकलेली. तुझ्या पुस्तकातलं मला कळत नव्हतं, माझ्या शेडमधलं तुला नको होतं. हा एकच विषय असा होता की त्यात तू आणि मी समोरासमोर बसायचो, सारख्या उंचीवर. तो मी संपू देणार होतो होय?

तुला पण कळलं होतं बहुतेक. नाहीतर एवढी हुशार बाई इतकी वर्षं तोच तोच वाद घालते का?

रमणभाईला मी म्हटलं, "भाई, नीचेनुं काम करो. लादी काढा, खडबडीत दगड बसवा, उतार नीट द्या, पाणी थांबलं नाही पाहिजे. दीवालने अडता नहीं, भिंतीला हात लावायचा नाही." सुहासकडं बघून म्हटलं, "तू चोकडी कोरडी करायचा शब्द दिलास, तो पाळ. खालची कर कोरडी, माझा पाय घसरणार नाही. वरची भिंत माझी आहे." निळ्या फुलांच्या टाइल्स कोकिळाबेनना त्यांच्या गच्चीवर हव्या आहेत म्हणे. जाऊ देत.

पुण्याला येण्याचा विषयही त्यानं काढला. मी सांगितलं, नाही येणार. हे घर सोडायला मी माकड नाही. आहे तिथंच राहीन, जितकं पाणी मिळेल तितक्यावर.

मग मी पाना आणला. शेडमधून निवृत्त होताना हाताला लागलेला तो जुना पाना, दात झिजलेला. स्टूल ठेवलं. गुडघे कुरकुरले. सुहास म्हणाला, "बाबा, मी चढतो." मी म्हटलं, "तुला अंदाज नाही. हे जास्त सैल झालं तर धार लागते, कमी झालं तर काही नाही." जन्मभर मी गळत्या बंद केल्या, मास्तरीण. मुद्दाम गळती करायची पहिलीच वेळ. बंद करण्यापेक्षा अवघड आहे.

सुहासनं दोन्ही हातांनी स्टूल धरलं. खालून विचारलं, "किती सैल करायचं?"

"तुझ्या आईला हवं तेवढं."

अर्धा फेरा फिरवला. काही नाही. अजून केसभर. सांध्याच्या कडेला पाणी जमलं, फुगलं, आणि सुटलं. तपकिरी भिंतीवरून एक ओली रेघ खाली गेली. आम्ही दोघं बघत राहिलो. जरा थांबून दुसरा थेंब.

हे हिरवं होईल. तू तशी परत येणार नाहीस, ते मला ठाऊक आहे, मी खुळा नाही. लोक असं काहीतरी म्हणतील, त्यांना म्हणू दे. मी तांब्याभर पाणी घेऊन तुझी वाट बघणारा माणूस नाही. मी फक्त सांधा सैल ठेवणार आहे. मी आहे तोवर या भिंतीला पाना लागणार नाही, आणि मी नसताना कुणी लावू नये म्हणून सुहासला स्टुलावर चढवून अंदाज शिकवून ठेवलाय. त्याचा हात अजून जड आहे. शिकेल.

आणि पुढच्या वेळी टोळी आली आणि कुणी त्या पाइपला लोंबकळलं, तर मी काठी काढणार नाही. पण एक ध्यानात ठेव. मी अजूनही माकडाच्याच बाजूचा आहे. उतरलोय तो फक्त स्टुलावरून. तुला काही म्हणायचं असेल तर कावळा पाठव.